जुना बॅकअप, जिवंत टोकनं

'नमस्कार. आम्ही दोघं नागपुरात अभ्यासिकांसाठी जागा बुक करायचं वेब अ‍ॅप चालवतो. मानेवाडा, नंदनवन, सक्करदरा या बाजूच्या १४ अभ्यासिका, साधारण ३,००० विद्यार्थी. सर्व्हरवर नोड, डेटाबेस मायएसक्यूएल ८. विद्यार्थी मोबाइलवर ओटीपी घेऊन लॉगिन करतो, आम्ही टोकन म्हणून एक यूयूआयडी (आपोआप बनणारा ३६ अक्षरी ओळखक्रमांक) बनवून टेबलात टाकतो आणि तोच कुकीत, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या चिठ्ठीत, देतो. मुदत ठेवलेली नाही, कारण पोरं रोज ओटीपी मागवून राहिली तर एसएमएसचा खर्च परवडत नाही. काही मालकांनी गूगल कॅलेंडर जोडलंय, त्यांचं गूगलचं टोकनही त्याच टेबलात आहे. रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप शेअर केलेल्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये जातो. मागच्या महिन्यात इंटर्ननं तोच बॅकअप घरच्या लॅपटॉपवर उतरवून टेस्टिंग केलं, तेव्हापासून मी धास्तावले आहे. पार्टनर म्हणून राहिला, "डेटाबेस आपलाच आहे. चोर आत घुसलाच तर सगळंच नेईल, मग एकटं टोकन झाकून काय फायदा?" मला वाटतं बीक्रिप्ट (पासवर्ड झाकायची हॅश पद्धत) लावावं. एक मित्र म्हणतो जेडब्ल्यूटी (सर्व्हरच्या सहीचं टोकन) घ्या, टेबलच नको. कोणालाही लॉगआउट न करता हे कसं सुधारू? टेबल समजावं म्हणून त्यातली एक ओळ खाली चिकटवते.'
एक वाचक, मानेवाडा रोड, नागपूर

ताई, बाकी सगळं नंतर. खाली चिकटवलेली ती ओळ खऱ्या टेबलातली दिसते, तेव्हा त्यातलं टोकन आधी रद्द करा. आम्ही ते वापरून पाहिलेलं नाही आणि इथे छापलेलंही नाही. पण पत्र ज्याच्या नजरेखालून गेलं त्यानं ब्राउझरच्या कुकीत ते ३६ अक्षरी टोकन टाकलं असतं, तर तो त्या विद्यार्थ्याच्या खात्यात शिरला असता. ओटीपी नाही, मोबाइल नाही, काही नाही. ओळीवरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची आहे आणि मुदत नसल्यामुळे टोकन अजून चालू असणार. तुमच्या पार्टनरच्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत आलं, पण त्याला ते पुरेसं वाटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चोर आत घुसला तर सगळं नेईल, हे खरं. पण डेटाबेस चोरीला जातो तो बहुतेक वेळा असा घुसून नाही. त्याच्या प्रती बाहेर फिरतात: ड्राइव्हमधला बॅकअप, इंटर्नच्या लॅपटॉपवरचा डंप (डेटाबेसची उतरवलेली प्रत), रिपोर्टसाठी कोणाला तरी दिलेला फक्त वाचण्यापुरता अ‍ॅक्सेस, एखाद्या सर्च बॉक्समधून झालेलं एसक्यूएल इंजेक्शन (शोधाच्या चौकटीत डेटाबेसची आज्ञा घुसवणं). यातल्या बहुतेक ठिकाणी चोराला वाचता येतं, लिहिता येत नाही. त्याच्या हाती कालची यादी लागते. कोण कुठल्या अभ्यासिकेत बसतं, कोणी फी भरली. वाईटच आहे. पण टोकन उघडं असेल तर तीच जुनी यादी आजचा प्रवेश होते. मालकाच्या टोकननं तो जागा रद्द करेल, मोबाइल नंबर बदलेल, फी भरल्याच्या नोंदी फिरवेल. घराचा नकाशा चोरीला जाणं आणि किल्ल्यांचा जुडगा चोरीला जाणं यात जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे.

टोकन म्हणजे सायकल स्टँडवरचा बिल्ला. ज्याच्या हातात बिल्ला, त्याची सायकल. स्टँडवाला चेहरा बघत नाही. मग सर्व्हरनं बिल्ल्यांची दुसरी प्रत स्वतःच्या पेटीत का ठेवावी? समोर आलेला बिल्ला खरा आहे की नाही, एवढं ओळखण्यापुरती खूण त्याच्याकडे असली की झालं. ती खूण म्हणजे हॅश: टोकनवरून तो काढता येतो, त्याच्यावरून टोकन परत काढता येत नाही.

नोडमध्ये क्रिप्टो मोड्यूलच्या रँडमबाइट्स या फंक्शनकडून ३२ यादृच्छिक बाइट घ्या आणि बेस-६४ च्या यूआरएलला चालणाऱ्या प्रकारात लिहा. बरोबर ४३ अक्षरांचं टोकन मिळेल. ते कुकीत द्या. त्याच ४३ अक्षरांचा एसएचए-२५६ हॅश काढा, तो ३२ बाइटचा असतो, आणि तेवढाच टेबलात ठेवा. पुढची विनंती आली की कुकीतल्या टोकनचा पुन्हा हॅश काढायचा आणि तो टेबलात शोधायचा. मूळ टोकन कुठेही साठवायचं नाही. सर्व्हरच्या हातून ते एकदाच जातं, तयार झालं त्या क्षणी. हे काही नवं शास्त्र नाही. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं सँक्टम हे टोकनांचं पॅकेज टेबलात एसएचए-२५६ हॅशच ठेवतं. उलट पायथनमधल्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कचं अंगभूत टोकन जसंच्या तसं टेबलात जातं, तेव्हा 'फ्रेमवर्क वापरतो म्हणजे सुरक्षित' हे गृहीत धरू नका; टेबल उघडून डोळ्यांनी पाहा.

तुमचे यूयूआयडी तसे वाईट नाहीत. चिकटवलेल्या ओळीत तिसऱ्या गटाचा पहिला अंक ४ आहे, म्हणजे तो चौथ्या प्रकारचा, १२२ बिट यादृच्छिक असलेला. तिथे १ दिसला असता तर तो वेळेवरून बनलेला असता आणि अंदाजानं गाठता आला असता. तरी ३२ बाइटवर या. काम एका ओळीचं आहे, आणि यूयूआयडीला लोक ओळखक्रमांक समजतात. तो लॉगमध्ये, लिंकमध्ये, एक्सेलमध्ये बिनधास्त टाकतात. तुम्ही पत्रात टाकलाच की!

आता बीक्रिप्ट. तुमची भावना बरोबर आहे, हत्यार चुकलं आहे. बीक्रिप्ट मुद्दाम संथ बनवलेलं आहे, कारण पासवर्ड माणसं निवडतात. नावापुढे १२३ लावलेले पासवर्ड चोर यादी घेऊन भराभर तपासतो. प्रत्येक प्रयत्न महाग केला की त्याची यादी रखडते. तुमच्या टोकनची अशी यादीच बनू शकत नाही. १२२ बिट म्हणजे साधारण ५ वर ३६ शून्यं एवढ्या शक्यता, आणि ३२ बाइटला तर २५६ बिट. तिथे झटपट हॅशही पुरतो. शिवाय बीक्रिप्ट प्रत्येक वेळी नवा सॉल्ट (यादृच्छिक भर) घालतं, त्यामुळे एकाच टोकनचे दोन हॅश वेगळे येतात आणि इंडेक्सवरून, म्हणजे टेबलाच्या शोधसूचीवरून, ओळ शोधता येत नाही. शोधण्यासाठी सगळं टेबल चाळावं लागेल, प्रत्येक ओळीमागे सेकंदाचा लक्षात येण्याजोगा भाग खर्च करून. सकाळी अभ्यासिका उघडायच्या वेळी सर्व्हर आडवा होईल. एसएचए-२५६ मायक्रोसेकंदाच्या घरात उरकतं.

पण हाच एसएचए-२५६ ओटीपीवर लावाल तर त्याचा उपयोग शून्य, आणि ही चूक आम्हाला फार दिसते. सहा अंकी ओटीपीच्या शक्यता एकूण १० लाख. साधा लॅपटॉपही दहा लाख हॅश काढताना दमत नाही. बॅकअपमधला ओटीपीचा हॅश पापणी लवायच्या आत उलगडतो. (मोबाइल नंबर 'हॅश करून' ठेवला म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनाही हेच लागू.) ओटीपीसाठी एचएमएसी (गुप्त चावी मिसळून काढलेला हॅश) वापरा, त्याची चावी डेटाबेसच्या बाहेर ठेवा, मुदत ५ मिनिटं आणि प्रयत्न ५. प्रयत्नांचा आकडा तुलना करण्याआधी वाढवा, नंतर नाही. नाहीतर एकाच वेळी पन्नास विनंत्या सोडणाऱ्याला पन्नास प्रयत्न मिळतात. एका नंबरवर दिवसाला किती ओटीपी जातील यालाही मर्यादा घाला. ती नसेल तर पाच प्रयत्नांची अट नवा ओटीपी मागवून टाळता येते, आणि एसएमएसचं बिल तुमच्या नावे येतं ते वेगळंच.

हॅश कुठे काढायचा, यावर एक वाक्य हवंच. मायएसक्यूएलमध्ये एसएचए-टू नावाचं फंक्शन आहे आणि क्वेरीतच ते वापरायचा मोह होतो. करू नका. मूळ टोकन क्वेरीबरोबर डेटाबेसपर्यंत जातं आणि स्लो क्वेरी लॉग किंवा जनरल लॉग (डेटाबेसच्या क्वेरींच्या नोंदवह्या) चालू असेल तर तिथे उघडं लिहिलं जातं. हॅश नोडमध्ये काढा, डेटाबेसला फक्त तो ३२ बाइटचा तुकडा दिसू द्या.

टेबलात हॅशचा रकाना बायनरी ३२ प्रकाराचा करा आणि त्यावर युनिक इंडेक्स लावा. आताचा तुमचा रकाना मजकुराचा आहे आणि मायएसक्यूएल ८ च्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना करायच्या नियमात) मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांत फरक केला जात नाही. यूयूआयडीला त्यानं बिघडलं नाही, पण बेस-६४ टोकन अशा रकान्यात टाकलं तर दोन वेगळी टोकनं एक समजली जातील. दुसरा खड्डा याहून वाईट. मोबाइल अ‍ॅपकडून तुम्ही टोकन जेसनमधून घेत असाल आणि कोणी टोकनच्या जागी मजकुराऐवजी शून्य हा आकडा पाठवला, तर मायएसक्यूएल मजकुराचा आकडा करून तुलना करतं. अक्षरानं सुरू होणाऱ्या मजकुराचा आकडा होतो शून्य. म्हणजे ए ते एफ यांपैकी अक्षरानं सुरू होणारी तुमची सगळी यूयूआयडी जुळली, आणि पहिली जी सापडेल तिच्या खात्यात तो माणूस आत. टोकन मजकूरच आहे ना आणि लांबी ४३ आहे ना, हे हॅश काढण्याआधी तपासा. बसत नसेल तर डेटाबेसपर्यंत जाऊच नका.

हॅशशेजारी आणखी थोडे रकाने लागतील: ओळीचा क्रमांक, यूजर क्रमांक, टोकन कशासाठी आहे (विद्यार्थ्याचं लॉगिन की मालकाचं), कधी बनलं, शेवटचं कधी वापरलं, कधी संपतं आणि उपकरणाचं नाव. शेवटचा रकाना लोक वगळतात. तुमच्याकडे तो हवाच, कारण अभ्यासिकेच्या काउंटरवरच्या एकाच कॉम्प्युटरवर दहा पोरं लॉगिन करून उठून जातात. 'माझी उपकरणं' असं पान देऊन तिथून नको ती ओळ काढता आली पाहिजे. तो काउंटरचा ब्राउझर तर वेगळाच ओळखा आणि तिथली मुदत १५ मिनिटांवर आणा.

मुदतीचं गणित एसएमएसच्या खर्चाशी जोडलेलं आहे, ते मान्य. पण मुदतच न ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. विद्यार्थ्याचं टोकन शेवटच्या वापरापासून ३० दिवस, आणि कितीही वापरलं तरी बनल्यापासून १८० दिवसांनी संपवा. रोज येणाऱ्या पोराला वर्षाला दोनच ओटीपी लागतील. मालकाच्या खात्यातून पैशांच्या नोंदी बदलतात, तिथे १२ तास. त्याला रोज एकदा ओटीपी टाकायला काही होत नाही. 'शेवटचं वापरलं' हा रकाना प्रत्येक विनंतीला लिहू नका, नाहीतर नुसतं पान उघडणंही डेटाबेसवर एक लेखन होऊन बसेल. आधीची नोंद तासाहून जुनी असेल तरच लिहा.

वेळेबद्दल सावध राहा. आपल्याकडे हा घोटाळा बरोबर साडेपाच तासांचा होतो. नोडनं संपण्याची वेळ भारतीय वेळेत लिहिली आणि क्वेरीनं ती यूटीसीशी (जागतिक प्रमाणवेळेशी) ताडली, तर ५ मिनिटांचा ओटीपी ५ तास ३५ मिनिटं जगतो आणि कोणाची तक्रार येत नाही. उलट झालं तर ओटीपी जन्मतःच मेलेला असतो आणि फोन खणखणतो. दुसरी चूक तासाभरात सापडते, पहिली वर्षभर सापडत नाही. सगळं यूटीसीत ठेवा, तुलनाही यूटीसीशी करा. भारतीय वेळ फक्त पडद्यावर. संपलेल्या ओळी रात्री एका जॉबनं हजार-हजारच्या घासांनी पुसा. एकदम लाखभर ओळी पुसायला गेलात तर टेबल अडून बसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न: कोणालाही लॉगआउट न करता. एरवी ते सहज जमलं असतं. नवा रकाना जोडायचा, जुन्या टोकनांचे हॅश त्यात भरायचे, कोड हॅशवरून शोधायला लावायचा, दोन दिवस बघायचं आणि उघड्या टोकनांचा रकाना काढून टाकायचा. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या बाबतीत मात्र आम्ही ते करू देणार नाही. हॅश केल्यानं टेबल झाकलं जातं, आधी बाहेर गेलेल्या प्रती नाही. ड्राइव्हमधल्या प्रत्येक रात्रीच्या बॅकअपमध्ये आणि इंटर्नच्या लॅपटॉपवर तीच टोकनं उघडी पडली आहेत. नव्या टेबलात तुम्ही त्यांचेच हॅश भरलेत तर ती सगळी पूर्वीसारखीच चालतील. कुलूप नवं, किल्ली तीच. त्यामुळे गूगलची टोकनं बाजूला काढून (त्यांचं पुढे येतंय) जुनं टेबल मोकळं करा. सगळ्यांना एकदा लॉगिन करू दे.

तीन हजार पोरांना एक ओटीपी जास्त, एवढाच खर्च आहे. पण तो नीट करा. एसएमएसच्या खात्यात शिल्लक किती आणि डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेत) मंजूर टेम्प्लेट तोच आहे का, हे आदल्या दिवशी पाहा. मध्यरात्रीचा मुहूर्त धरू नका. काही अभ्यासिका रात्रभर भरलेल्या असतात, आणि ओटीपी अडकला तर एसएमएस कंपनीत फोन उचलायला कोणी नसतं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी ११ बरं. आधी मालकांची टोकनं पुसा, सगळं सुरळीत आहे असं दिसलं की त्याच दिवशी विद्यार्थ्यांची. दोन दिवस आधी अ‍ॅपवर एक ओळ टाका की पुन्हा लॉगिन करावं लागेल आणि आम्ही फोन करून ओटीपी विचारणार नाही. दुसरं वाक्य विसरू नका; अशा दिवशी भामट्यांचं फावतं.

मग ड्राइव्हमधले जुने बॅकअप काढा, कचरापेटीतूनही. नवे बॅकअप एन्क्रिप्ट करूनच वर जाऊ द्या. सर्व्हरवरचे मायएसक्यूएलचे बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० दिवस राहतात. टोकनं रद्द झाल्यावर ते घातक राहत नाहीत, पण आहेत हे माहीत असू द्या. इंटर्नला मोकळेपणानं सांगा की डंप पुसून टाक. ओरडू नका, त्याला खरा डंप देणारे तुम्हीच. टेस्टिंगसाठी बनावट नावं-नंबर भरलेला वेगळा डेटाबेस करून द्या. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणून लॉगिन कधी, कुठून झालं याची नोंद टोकनच्या टेबलापासून वेगळी ठेवा. टोकनची ओळ पुसली तरी ती राहिली पाहिजे, आणि तिच्यात टोकन नको, नुसता ओळीचा क्रमांक पुरे.

गूगलचं टोकन ही वेगळी जात. त्याचा हॅश करून चालणार नाही, कारण तुम्हाला ते उद्या गूगलला मूळ रूपात द्यायचं आहे. ते एन्क्रिप्ट करावं लागतं, म्हणजे चावीनं पुन्हा उलगडता येईल असं झाकावं लागतं. टेबल वेगळं करा. एईएस-२५६ जीसीएम ही पद्धत वापरा: ३२ बाइटची चावी, प्रत्येक वेळी नवा १२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) आणि शेवटी १६ बाइटचा टॅग (छेडछाड पकडणारी खूण). नॉन्स, टॅग, सांकेतिक मजकूर आणि चावीचा क्रमांक असं चौघांना एकत्र साठवा. पुढे चावी बदलाल तेव्हा कुठली ओळ कुठल्या चावीची हे त्या क्रमांकावरून कळतं. एकाच चावीखाली तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला तर जीसीएमची सुरक्षितता कोसळते, म्हणून तो कुठल्या काउंटरवरून किंवा यूजर क्रमांकावरून बनवू नका, रँडमबाइट्सकडूनच घ्या. यूजर क्रमांक मात्र जोड माहिती म्हणून आत घाला. मग कोणी एका मालकाची ओळ दुसऱ्याच्या नावावर चिकटवली तर टॅग जुळत नाही आणि उलगडणं तिथेच थांबतं.

चावी डेटाबेसमध्ये नको, गिटमध्ये नको आणि त्याच ड्राइव्ह फोल्डरमध्ये तर नकोच. तुमच्या आकाराच्या कामाला सर्व्हरवरची एन्व्ह फाइल (गुप्त सेटिंगांची फाइल) चालेल, फक्त ती अ‍ॅपच्या यूजरलाच वाचता यावी. एक प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये. हरवलीच तर मालकांना कॅलेंडर पुन्हा जोडायला लावायचं, आभाळ कोसळत नाही.

बॅकअपमधून बाहेर गेलेल्या गूगल टोकनांचं काय? गूगलचं रिफ्रेश टोकन (ज्यावर नवं प्रवेश-टोकन मिळतं ते) वापरायला तुमच्या अ‍ॅपचं क्लायंट सीक्रेट, म्हणजे गूगलनं दिलेला गुप्त संकेत, तेही लागतं. ते कोडमध्ये लिहिलेलं असेल आणि इंटर्नकडे कोड असेल, तर दोन्ही अर्धे एकाच लॅपटॉपवर भेटले. क्लायंट सीक्रेट बदला आणि जुनी टोकनं गूगलच्या रद्द करण्याच्या पत्त्यावर पाठवून रद्द करा. नुसती ओळ पुसलीत तर तुमच्या बाजूनं टोकन गेलं, गूगलच्या बाजूनं ते चालूच राहतं. मालक फार तर १४, सरळ फोन करा. पुन्हा जोडताना ऑफलाइन प्रवेश मागायचा आणि परवानगीचं पान नव्यानं दाखवायचं, नाहीतर गूगल रिफ्रेश टोकन परत देत नाही आणि तुमच्या रकान्यात रिकामं येतं. तुमचं अ‍ॅप गूगलकडे अजून 'टेस्टिंग' अवस्थेत असेल तर ते रिफ्रेश टोकन ७ दिवसांत मरतं. 'दर आठवड्याला कॅलेंडर तुटतं' अशी मालकांची ओरड असेल तर कारण बहुधा तेच.

मित्राच्या जेडब्ल्यूटीबद्दल थोडक्यात: नको. २०१५ मध्ये प्रमाण झालेली चांगली चीज आहे, अनेक सर्व्हर एकमेकांना न विचारता ओळख पटवतात तिथे शोभते. पण एकदा दिलेलं जेडब्ल्यूटी मुदत संपेपर्यंत परत घेता येत नाही. परत घ्यायचं म्हटलं की रद्द केलेल्यांची यादी ठेवा, म्हणजे आलंच टेबल. मुदत १५ मिनिटं ठेवली तर जोडीला रिफ्रेश टोकन लागतं, आणि ते कुठे ठेवणार? हॅश करून, डेटाबेसमध्ये. मग दोन टॅब एकाच वेळी रिफ्रेश मागतात, पहिल्याला नवं मिळतं, दुसऱ्याचं जुनं चोरीचं समजून पोरगा बाहेर फेकला जातो, आणि ती भानगड निस्तरायला आठवडा. तुमचा सर्व्हर एक, विद्यार्थी तीन हजार. युनिक इंडेक्सवरून एक ओळ शोधणं मायएसक्यूएलच्या खिजगणतीतही नाही.

कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट लॅक्स ही तीनही विशेषणं लावा: स्क्रिप्टला ती वाचता येऊ नये, फक्त एचटीटीपीएसवरूनच जावी आणि परक्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर सहसा जाऊ नये. टोकन लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) ठेवू नका, पानावर घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचते. आणि पावती डाउनलोड करायच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापुढे टोकन जोडलेलं असेल तर ते आजच काढा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग पूर्ण पत्ता लिहून ठेवतो, शिवाय पोरं ती लिंक 'पावती बघ' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतात. पावतीसाठी वेगळं, एकदाच चालणारं, १० मिनिटांचं टोकन करा. ते वापरलं गेल्याची नोंद अशा एकाच अपडेटनं करा ज्याच्या अटीतच 'अजून वापरलेलं नाही आणि मुदत शिल्लक आहे' असं असेल, आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. एक बदलली तर पावती द्या, शून्य तर नाही. आधी वाचून मग लिहाल तर दोन विनंत्या मधल्या फटीतून आत येतात.

सगळं झाल्यावर तीन गोष्टी स्वतःच्या हातानं करून पाहा. टेबलातला हॅश उचलून कुकीत चिकटवा. आत जाता आलं तर कुठेतरी अजून जुना कोड हॅश न काढताच तुलना करतो आहे. लॉगआउट करण्याआधी कुकी कॉपी करून ठेवा, लॉगआउट करा, तीच कुकी परत टाका. चालली तर तुमचं लॉगआउट फक्त ब्राउझरमधली कुकी पुसतंय, टेबलातली ओळ नाही. आणि पत्रात पाठवलेलं ते टोकन, आज रद्द केल्यावर, एकदा तुम्हीच टाकून बघा.